‘मी म्हणतच होतो’ म्हणणाऱ्या एका बाबास

पत्र :

ताई, नमस्कार.

मी मुलुंडला राहतो, वय एक्केचाळीस, नोकरी फोर्टात. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. पत्रापुरतं तिला चिऊ म्हणू.

आमच्या घरात बोलणं भरपूर. मी गिरगावच्या चाळीत वाढलो. तिथे गॅलरीत उभं राहून जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत दिल्याशिवाय कुणाचा चहा घशाखाली उतरत नसे. तीच सवय अजून आहे. मॅच लागली की मी आणि माझे वडील सुरू. पाऊस, खड्डे, हवामान खातं, पालिका, काहीच सुटत नाही. मनात वाईट काही नसतं, नुसत्या गप्पा असतात.

गेल्या महिनाभरात तीन प्रकार झाले. शाळेत बाईंनी यलो अलर्टची सूचना वाचून दाखवली तर चिऊ उभी राहून म्हणाली, "हवामान खात्याचं काही खरं नसतं." वर्ग हसला. मग सोसायटीच्या आवारात खेळताना दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाच्या हातून झेल सुटला, तर त्याला म्हणाली, "तुझ्यात दमच नाही, तुला कायमचं बसवायला पाहिजे." तो रडत घरी गेला आणि त्याची आई आमच्या दारात आली. तिसरा प्रकार जास्त लागला. गेटबाहेर पाणी साचलं होतं. पालिकेचा एक कामगार जाळीतला कचरा काढत होता. चिऊ त्याला म्हणाली, "तुम्ही लोक कामच करत नाही." मी छत्री धरून शेजारीच उभा होतो. तो काही बोलला नाही. त्याने फक्त माझ्याकडे बघितलं.

तिन्ही वाक्यं माझी. शब्दन् शब्द.

बायको म्हणते, यापुढे तिच्यासमोर तोंड बंद ठेव. वडील म्हणतात, पोरगी हुशार आहे, सोडून द्या. गप्प बसलो तर घराचा दवाखाना होईल, नाही बसलो तर घरात पोपट तयार होईल. काय करू?

ता. क. २०२५ च्या ऑक्टोबरात, महिलांच्या क्रिकेट विश्वचषकात, मी जेमिमा रॉड्रिग्जला संघातून काढा म्हणून ओरडत होतो. सेमी फायनलनंतर "मी म्हणतच होतो, ही पोरगी मोठी खेळणार" असंही म्हणालो. चिऊने सगळ्यांसमोर विचारलं, "बाबा, तू कधी म्हणालास?" मी विषय बदलला.

मुलुंडचा एक बाबा

उत्तर :

मुलुंडचे बाबा,

तोंड बंद ठेवू नका. तुम्हाला जमणारही नाही. मुलुंडहून जो माणूस रोज ग्रुपबरोबर लोकलला चढतो, चौथ्या सीटवर अर्धा टेकतो, ज्याचा घाटकोपरपर्यंत भारतीय संघ निवडून होतो, दादरपर्यंत राज्य सरकार बदलतं आणि मशीद येईस्तोवर शिक्षण पद्धतीचा निकाल लागतो, त्याने घरी येऊन मौन पाळायचं ठरवलं तर फार तर मंगळवारपर्यंत टिकेल. शिवाय मूल खोलीत आल्यावर मोठी माणसं गप्प झाली, की ते मुलाला लगेच कळतं. मग ते मोबाइल उघडून बसतं, आणि तिथे मतं देणाऱ्यांची रांगच लागलेली असते. त्यापेक्षा तुमची बरी. निदान तुम्हाला उलटून विचारता येतं, "तू कधी म्हणालास?"

तुम्ही लिहिलंत की तिन्ही वाक्यं तुमची. मान्य. मग मला सांगा, तीच वाक्यं तुम्ही वर्षानुवर्षं म्हणताय, तेव्हा कुणी रडत घरी का गेलं नाही?

कारण तुम्ही ज्याच्याबद्दल बोलता तो तिथे नसतो. टीव्हीतल्या खेळाडूला तुमचं ऐकू जात नाही. हवामान खातं कुलाब्याला आहे. पालिका म्हणजे तर कुणी एक माणूसच नव्हे. आपल्या चाळीतल्या, लोकलमधल्या, नाक्यावरच्या सगळ्या गप्पा या एका सोयीवर चालतात, आणि ती इतकी अंगवळणी पडलीय की आपल्याला ती दिसतही नाही. तुमच्या साहेबांबद्दल ग्रुपमध्ये जे बोलता ते त्यांच्या केबिनमध्ये बोलला आहात कधी? चिऊने वाक्य ऐकलं. त्यामागची सोय तिला कुणी सांगितली नाही. तुम्ही आपले उंटावरून शेळ्या हाकत होतात, तिच्याकडे उंट कुठला? ती शेळ्यांमध्ये उभी राहूनच हाकायला लागली. आपल्याला ती उद्धट वाटते. तिच्या बाजूने बघितलं तर ती तुमच्यापेक्षा सरळ आहे, जे म्हणायचं ते तोंडावर म्हणते.

माझे वडीलही याच पंथातले. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. परळला दोन खोल्या, रेडिओ फडताळावर, आणि कसोटी सामना असला की अण्णा फडताळाखाली. त्यांच्या ऑफिसातला एक जण कांगा लीगमध्ये एका क्लबकडून सलामीला खेळायचा. घरी अण्णा त्याचे यथेच्छ वाभाडे काढत. पुढे पाय टाकत नाही, वशिल्याने संघात आहे, याच्या जागी मी जाऊन उभा राहिलो तरी बरा. ही वाक्यं मला पाठ होती. कांगा लीग तुम्हाला सांगायला नकोच, पण चिऊला सांगा : १९४८ पासून मुंबईत भर पावसाळ्यात खेळली जाणारी ही स्पर्धा. विकेट ओली, गवत घोट्यापर्यंत, जमिनीवरून मारलेला चेंडू दहा पावलांवर रुतून बसतो. एका रविवारी अण्णा मला आणि भावाला आझाद मैदानावर घेऊन गेले. मी दहाएक वर्षांची असेन. तिथे एका मैदानात बावीस खेळपट्ट्या, एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या क्षेत्ररक्षकाला पाठ लावून उभा. चेंडू कुणाचा आणि धावतंय कोण, हे कळायलाच मला अर्धा तास लागला.

तो गृहस्थ दोन धावा करून बाद झाला आणि आमच्याच बाजूने परत आला. पाच फुटांवरून गेला असेल. पॅड चिखलाने काळे झालेले, एका बुटात पाणी शिरल्यामुळे चालताना पचक पचक आवाज येत होता, आणि बॅटच्या कडेला चिकटलेलं गवत तो बोटाने काढत होता. मी अण्णांकडे बघत उभी राहिले. आता हे म्हणणार, पाय पुढे टाकत नाही म्हणून. अण्णा म्हणाले, "विकेट फारच ओली आहे हो आज." तो म्हणाला, "हो ना." आणि तंबूत गेला.

परतताना मी विचारलं, "अण्णा, तुम्ही त्यांना पायाचं का नाही सांगितलं?" अण्णा म्हणाले, "शेंगदाणे घेणार का?"

म्हणजे विषय बदलण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मला तेव्हा वाटलं, अण्णा घाबरले. घाबरले नव्हते. एवढ्या जवळून त्या माणसाचे बूट दिसल्यावर त्यांना ते वाक्य बोलवेना, इतकंच. पण मला ते समजावून सांगितलं असतं, की बाळ, घरात मी जे बोलतो ते त्याला सांगण्यासाठी नसतं, तर बरं झालं असतं. मी पुढे शिक्षिका झाले. एकदा स्टाफरूममध्ये एका मुलाबद्दल "हा काही दहावी होत नाही" असं मोठ्याने म्हणाले. मागे वळले तर तो वह्यांचा गठ्ठा घेऊन दारात उभा. त्याने वह्या टेबलावर ठेवल्या, नीट रचल्या आणि गेला. पुढचं लिहीत नाही.

तेव्हा पहिलं काम हे. चिऊला आज जेवताना सांगा की बाबा टीव्हीसमोर जे बोलतो ते गमतीचं असतं, कारण त्या खेळाडूला ते ऐकू जात नाही. ऐकू जात असतं तर बाबा तसं बोलला नसता. नऊ वर्षांच्या मुलीला हे चांगलं कळतं. तीही आपल्या बाईंबद्दल रिक्षात एक बोलते आणि वर्गात दुसरं.

दुसरं काम माफीचं. झेल सोडणाऱ्या मुलाकडे चिऊने जावं, तुम्ही सोबत असावं. फार मोठा समारंभ नको. त्याला संध्याकाळी खेळायला बोलवा आणि तुम्हीही उतरा. तुमच्या हातून एक-दोन झेल सुटतीलच, मुद्दाम सोडायची गरज पडणार नाही. त्याच्या आईचं मात्र ऐकून घ्या. सध्या लिफ्टमध्ये तुमच्या मुलीच्या वळणाबद्दल आणि तुमच्या संस्कारांबद्दल काही मतं बनली असतील, आणि ती तुम्ही हजर नसतानाच सांगितली जात असतील. कसं वाटतं ते एकदा बघून ठेवा.

त्या कामगाराकडे आधी तुम्ही जायचं. वाक्य तुमचं होतं आणि त्याने बघितलं तेही तुमच्याकडेच. ही माणसं सकाळी लवकर कामाला लागतात. शाळेची बस यायच्या आधी पंधरा मिनिटं खाली उतरा आणि सांगा, "परवा माझी मुलगी जे बोलली ते मी घरी बोलतो तेच होतं. चुकलं माझं." चिऊला ऐकू येईल एवढ्या आवाजात. तिला पुढे ढकलून "सॉरी म्हण काकांना" करून घेऊ नका, ती तेही पोपटासारखंच म्हणेल. आणि चहाला पैसे देऊ नका. माफीबरोबर नोट सरकवली की त्या माणसाला दुसऱ्यांदा मान खाली घालावी लागते.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे पालिकेबद्दल बोलायचंच नाही? बोलायचं. चांगलं खणखणीत बोलायचं. पण पाणी का साचतं ते तिला आधी सांगा, म्हणजे रागाला काही आधार राहील. मुंबईची जुनी पावसाळी गटारं तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधलेली. ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात ती क्षमता ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याचं काम हाती घेतलं गेलं. त्याहून जोराची सर आली, किंवा सर आणि मोठी भरती एकाच वेळी आली, की पाण्याला बाहेर जायला वाट राहत नाही. समुद्रच गटारातून आत यायला बघतो, म्हणून दारं लावून पंपांनी पाणी उपसावं लागतं. हाजी अली, लव्हग्रोव्ह, इर्ला इथली उदंचन केंद्रं, म्हणजे पंपिंग स्टेशनं, त्यासाठीच. तुमच्या मुलुंडचं पाणी ठाणे खाडीकडे जातं आणि भरती तिलाही चुकत नाही. या एवढ्या मोठ्या कारभारात चिऊला भेटला कोण, तर गुडघाभर पाण्यात उभा राहून, हातातल्या सळीने वेफर्सची पाकिटं ओढून काढणारा माणूस. अख्ख्या पालिकेतला त्या क्षणी काम करताना दिसणारा एकटा तोच! (ती पाकिटं कुणाच्या बाल्कनीतून आली, हा सोसायटीच्या पुढच्या सभेचा विषय होऊ शकतो. होणार नाही, पार्किंगचा होईल.)

रागाला जागा दाखवा. १९१६ हा पालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा नंबर आहे, फोन स्पीकरवर लावा आणि तक्रार चिऊसमोर नोंदवा. वॉर्ड ऑफिसात अर्ज द्यायला जाल तेव्हा तिला न्या, पोचेचा शिक्का तिला बघू द्या. आणि नगरसेवकाचं नाव तिला सांगा. मुंबई पालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. म्हणजे चिऊला कळायला लागल्यापासून बराच काळ या शहरात नगरसेवक हा प्राणीच नव्हता. आता २२७ आहेत. त्यातल्या एकाला तरी "तुम्ही लोक काम करत नाही" हे वाक्य, पुराव्यासकट, तोंडावर सांगायला हरकत नाही. तिथे चिऊला मी अडवणार नाही.

हवामान खात्याचं प्रकरण मला सर्वांत आवडलं, कारण त्यात चिऊच्या हाताला काम आहे.

यलो अलर्टवरून आपण खात्याच्या नावाने खडे फोडतो, पण यलोचा अर्थ ‘लक्ष ठेवा’ एवढाच असतो. ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे आता हालचाल करा. आणि मराठी अंदाजात जे ‘तुरळक ठिकाणी’ लिहिलेलं असतं ते नुसतं गुळमुळीत बोलणं नव्हे. पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी पंचवीस टक्क्यांपर्यंत ठिकाणी, असा त्याचा ठरलेला अर्थ आहे. म्हणजे चारांपैकी तीन मुंबईकर त्या दिवशी छत्री कोरडी घेऊन घरी येऊ शकतात, खात्याला शिव्या देऊ शकतात आणि अंदाज तरीही बरोबर असू शकतो. २६ जुलै २००५ तुम्हाला आठवत असेलच, तुम्ही तेव्हा विशीत होतात. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला सुमारे ७३. त्या दुपारी दक्षिण मुंबईत खिडकीशी बसलेला माणूस "कुठे आहे पाऊस?" म्हणाला असता तर तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या खिडकीतून तेवढंच दिसत होतं.

मला खात्याची वकिली करायची नाही. त्यांचेही अंदाज चुकतात, आणि सरळ सरळ चुकतात. आणि पाऊसही तारीख पाळत नाही. मुंबईत तो यायची सरासरी तारीख ११ जून, आणि २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच दाखल झाला, नोंदीतला सर्वांत लवकर. त्या सकाळी किती जणांचं तूरडाळ आणि पापडांचं वाळवण गच्चीत भिजलं ते त्यांनाच ठाऊक. माझे सांडगे भिजले. तेव्हा मीही खात्याला जे बोलायचं ते बोलले.

चिऊला मोजायला द्या. स्वयंपाकघरातला सरळ उभ्या कडांचा एक स्टीलचा डबा घ्या. तोंड लहान की मोठं याने फरक पडत नाही, कडा तेवढ्या सरळ हव्यात, खाली निमुळता नको. गच्चीवर भिंतीपासून आणि टाकीपासून लांब, दोन विटांवर ठेवा, म्हणजे फरशीवरचे शिंतोडे आत उडत नाहीत. रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवून बघायचं. साडेआठलाच, कारण खातंही साडेआठ ते साडेआठ असाच दिवस धरतं. पट्टीवर जेवढे मिलिमीटर, तेवढा पाऊस. तेवढं वहीत लिहायचं, डबा ओतून पुन्हा ठेवायचा. शाळा सकाळची असली तर हे काम आजोबांना द्या, त्यांच्या मतांनाही थोडा व्यायाम होईल. साडेचौसष्ट मिलिमीटरच्या पुढे गेलं की ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अतिजोरदार’, २०४.४ च्या वर ‘अत्यंत जोरदार’. बघा, दोन आठवड्यांत तिच्याकडे असं काहीतरी असेल जे तुमच्या अख्ख्या लोकल ग्रुपकडे नाही. मग तिने वर्गात उठून सांगू दे, "बाई, काल अलर्ट होता आणि आमच्या गच्चीवर नऊ मिलिमीटर झाला." हसू दे वर्ग.

गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असणार आणि ते नाही म्हणणार. त्यांना सांगा, शाळेचा प्रकल्प आहे.

आता ताजा कलम. तुम्ही तो शेवटी घातलात, पण मला वाटतं पत्र त्याच्यासाठीच लिहिलंत.

जेमिमाबद्दल तुम्ही ओरडलात तेव्हा तुमच्याकडे कारण होतं. त्या विश्वचषकात ती दोनदा शून्यावर बाद झाली, इंग्लंडविरुद्ध तिला बसवलंही. म्हणजे निवडणाऱ्यांचं मतही तुमच्या जवळपासचंच होतं. मग ३० ऑक्टोबरला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना, हीच वांद्र्याची पोरगी नाबाद १२७ करून गेली. मत चुकलं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण "मी म्हणतच होतो" म्हणालात ना, तिथे चिऊने पकडलं. आणि बरोबर पकडलं! महाराष्ट्रात हे वाक्य निवडणुकीच्या निकालापासून लग्न मोडण्यापर्यंत सगळीकडे चालतं, आणि ते ऐकणाऱ्याची स्मरणशक्ती कमी असेल तरच चालतं. नऊ वर्षांच्या मुलीची नसते.

तिला त्याच स्पर्धेतली दुसरी गोष्ट सांगा. २६ ऑक्टोबरला त्याच मैदानावर बांगलादेशविरुद्धचा सामना पावसाने धुऊन काढला. त्या सामन्यात क्षेत्ररक्षण करताना प्रतिका रावलचा पाय दुखावला आणि ती स्पर्धेबाहेर गेली. तिच्या जागी शफाली वर्माला बोलावलं. शफाली मूळ संघातच नव्हती, त्यामुळे तिच्याबद्दल तुमचं, माझं, कुणाचंच काही मत नव्हतं. २ नोव्हेंबरचा अंतिम सामनाही पावसामुळे दोनेक तास उशिरा सुरू झाला. शफालीने ८७ धावा काढल्या, दोन बळी घेतले, सामन्याची सर्वोत्तम खेळाडू ठरली आणि आपण ५२ धावांनी विश्वचषक जिंकलो. त्या दिवशी आमच्या दादरच्या इमारतीत रात्री बारानंतर जे फटाके वाजले ते सगळे अशा मुलीच्या नावाने, जी आठवडाभर आधी कुणाच्या बोलण्यातही नव्हती. यात कोण काय म्हणत होतं, सांगा बरं?

म्हणून एकदा, सगळ्यांसमोर, म्हणजे तिने ज्यांच्यासमोर विचारलं त्यांच्यासमोर, म्हणा : "जेमिमाबद्दल मी काढा म्हणालो होतो. चुकलो." तुमचे वडील चमकतील. चमकू द्या. पोपटाची तुम्हाला धास्ती वाटते, पण पोपट होतो तो फक्त पक्की झालेली वाक्यं ऐकून. बाबाचं मत बनताना आणि मोडताना बघितलं की पाठ करायला काही उरतच नाही. मॅच बघताना तिला "तुला काय वाटतं?" विचारू नका, त्याचं उत्तर ती तुमच्याच खिशातून काढून देईल. "तुला काय दिसलं?" विचारा. ती कदाचित सांगेल की बोलरच्या बुटाची नाडी सुटली होती. चालेल.

पोरगी हुशार आहे हे आजोबांचं म्हणणं खरं आहे, सोडून द्या हे नाही. पत्नीला माझा निरोप द्या की तोंड बंद करण्याची शिक्षा मी रद्द करत नाही, फक्त साहेब आणि शेजारी या दोन विषयांपुरती ठेवते. तेही चिऊ झोपली असं समजून बोलू नका, मुलं जागी असतात.

डबा रविवारी ठेवलात तर सोमवारचा आकडा कळवा. माझा डबा दादरला पाचव्या मजल्याच्या गच्चीवर आहे, तूरडाळीचा, झाकण हरवलेला. मुलुंडला माझ्यापेक्षा जास्तच पाऊस झालेला असणार, असं माझं ठाम मत आहे.